बोट गेलं, कागद कुठे आहे?

अंगठा गेला तर ३० टक्के. तर्जनी पूर्ण गेली तर १४, तिची दोन पेरं गेली तर ११, एकच पेर गेलं तर ९. मधलं बोट १२. अनामिका आणि करंगळी यांचा भाव एकच, ७ टक्के. हाड शाबूत राहून नुसतं टोक उडालं तर तर्जनीला ५ आणि करंगळीला २. एका हाताची चारही बोटं गेली तर ५०.

हा तक्ता १९२३ सालच्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातला. कायद्याचं नाव पुढे बदललं, त्यातल्या रकमा वाढल्या, नोव्हेंबर २०२५ मध्ये तो नव्या संहितेत सामावला गेला (त्याबद्दल शेवटी), पण शरीराचे हे दर गेली साठेक वर्षं जवळपास तसेच राहिले. टक्के म्हणजे कमावण्याच्या ताकदीत झालेली घट. पंचवीस वर्षांच्या एखाद्या प्रेस ऑपरेटरचं तर्जनीचं एक पेर गेलं, तर हिशेब असा होतो : महिन्याचा पगार कितीही असो, हिशेबात जास्तीत जास्त १५,००० रुपयेच धरायचे (ही मर्यादा जानेवारी २०२० पासूनची, त्याआधी ती ८,००० होती). त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या २१६.९१ या आकड्याने गुणायचं. उत्तर येतं १९,५२,१९०. ही झाली संपूर्ण आणि कायमच्या अपंगत्वाची रक्कम. तिचे ९ टक्के, म्हणजे सुमारे १ लाख ७५ हजार ७०० रुपये, ही त्या एका पेराची भरपाई. अख्खी तर्जनी गेली तर सुमारे २ लाख ७३ हजार.

रक्कम थोडी की पुरेशी, हा वाद वेगळा. भोसरी, चाकण, तळवडे, वाळूज, अंबड, बुटीबोरी या पट्ट्यांतला खरा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. या हिशेबापर्यंत माणूस पोहोचतो का? आणि पोहोचत नसेल तर त्याला कोण अडवतं, कुठे अडवतं? कामाच्या ठिकाणच्या अपघातांचे खटले एकापाठोपाठ एक वाचत गेलं की एक गोष्ट सारखी समोर येते. कायदा कामगाराच्या बाजूने बऱ्यापैकी खंबीर उभा आहे. पण बोट गेल्यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत कुठल्या कागदावर काय लिहिलं गेलं, यावर तो कायदा हाती लागणार की नाही हे ठरतं. आणि ते दोन दिवस कागद सहसा मालकाच्या माणसाच्या हातात असतात.

आधी यंत्र बघू. गाडीच्या सीटखालची पट्टी, दरवाजाचं बिजागर, सायलेन्सरचा कंस, असे हजारो लहानमोठे भाग पत्र्याच्या तुकड्यावर डाय आणि पंचचा दाब देऊन तयार होतात. हे काम करणारा पॉवर प्रेस वीस टनांपासून काही शे टनांपर्यंतचा असतो. लहान वर्कशॉपमध्ये आजही जुन्या पद्धतीच्या पिन क्लचचे प्रेस धडधडत असतात. पॅडलवर पाय पडला की क्लच फ्लायव्हीलला पकडतो आणि रॅम खाली येतो. एकदा निघालेला रॅम पूर्ण फेरा करूनच थांबतो, अध्येमध्ये थांबवायची सोय या यंत्रात नाही. हात आत राहिल्याचं लक्षात आलं तरी करण्यासारखं काही उरत नाही. क्लच झिजला किंवा स्प्रिंग तुटली की पॅडल सोडल्यावरही रॅम दुसऱ्यांदा खाली येतो. शॉपफ्लोअरवर त्याला ‘डबल स्ट्रोक’ म्हणतात. ऑपरेटरने तयार जॉब काढायला हात घातलेला असतो, तेव्हाच हा दुसरा ठोका बसतो.

यावर उपाय आहेत आणि ते जुने आहेत. डायभोवती जाळी, दोन्ही हातांनी एकदम दाबावी लागणारी बटणं, अध्येमध्ये थांबू शकणाऱ्या प्रेसवर हात आत जाताच यंत्र रोखणारा प्रकाशाचा पडदा, जॉब उचलायला चिमटा किंवा चुंबक. यंत्राचे धोकादायक भाग झाकलेच पाहिजेत, असं १९४८ च्या कारखाने अधिनियमाचं कलम २१ बजावत असे. पण जाळी लावली की तासाला निघणारे नग कमी होतात. दोन बटणांपैकी एक चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवलं की एक हात मोकळा मिळतो. सेन्सर ‘सारखा ट्रिप होतो’ म्हणून बायपास होतो. हे ऑपरेटर स्वतःच करतो, असं मालक सांगतात, आणि पुष्कळदा ते खरंही असतं. मात्र शिफ्टचं टार्गेट त्याने ठरवलेलं नसतं.

गुडगाव-मानेसरच्या वाहनपट्ट्यात जखमी कामगारांना कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) मिळवून देणारी ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ नावाने अहवाल काढते. तिचं काम पुढे पुण्याच्या पट्ट्यातही आलं. अहवाल वर्षानुवर्षं जवळपास एकच चित्र मांडतात : जखमी होणाऱ्यांत ठेकेदारीवरचे, परराज्यांतून आलेले, कमी शिकलेले तरुण जास्त, यंत्रांमध्ये पॉवर प्रेस सर्वांत पुढे, आणि बहुतेक अपघात नामांकित गाडी कंपन्यांच्या स्वतःच्या आवारात न होता त्यांना माल पुरवणाऱ्यांच्या शेडमध्ये. अहवालातला आणखी एक मुद्दा इथे फार महत्त्वाचा. कितीतरी कामगारांना राज्य विम्याचं ई-पहचान कार्ड कामाला लागल्याच्या दिवशी न मिळता अपघात झाल्यावर मिळालं.

हे कसं घडतं? नवा माणूस घेतला की दहा दिवसांत त्याची नोंदणी करायची, असा विमा महामंडळाचा नियम आहे. ज्याला महिनोन्‌महिने नोंदवलंच नाही, त्याचं बोट गेलं की संध्याकाळी ऑफिसात संगणक सुरू होतो आणि तो ‘आजच कामाला लागलेला’ माणूस बनतो. मालकाच्या दृष्टीने हे सुटसुटीत आहे. विमा लागू झाला की राज्य विमा कायद्याच्या कलम ५३ मुळे कामगाराला मालकाकडून दुसऱ्या कुठल्याही कायद्याखाली भरपाई मागता येत नाही. सगळा भार महामंडळावर जातो. कामगाराचंही यात सगळंच बुडतं असं नाही, कारण अपघाताच्या अपंगत्वासाठी आधी किती महिने वर्गणी भरली हे बघितलं जात नाही, पहिल्या दिवसापासून हक्क मिळतो. पण आधीची आठ-दहा महिन्यांची नोकरी कागदावरून पुसली जाते. त्या महिन्यांची वर्गणी, त्या महिन्यांचा फंड, आणि पुढे कधी ‘मी इथे वर्षभर होतो’ असं म्हणायची वेळ आली तर त्याचा पुरावाही जातो.

राज्य विम्याची तरतूद मुळात चांगली आहे, हे सांगायलाच हवं, कारण त्याबद्दलचा राग बहुतेकदा त्याच्या दवाखान्यांतल्या रांगांवरचा असतो. दहा किंवा अधिक माणसांच्या कारखान्यात महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला प्रत्येकजण त्यात येतो, ठेकेदाराचा माणूससुद्धा. वर्गणी पगाराच्या प्रमाणात : पाऊण टक्का कामगाराचा, सव्वातीन टक्के मालकाचे. हात बरा होईपर्यंत रोजच्या सरासरी पगाराच्या ९० टक्के रक्कम मिळते. मग वैद्यकीय मंडळ टक्के ठरवतं आणि त्या प्रमाणात पेन्शन सुरू होते, तीही हयातभर. ढोबळ हिशेबाने, १८,००० पगाराच्या माणसाची तर्जनी गेली तर १४ टक्क्यांनी दिवसाला पंचाहत्तर रुपये, महिन्याला सव्वादोन हजारांच्या आसपास. कमी वाटते खरी, पण पंचविशीत सुरू झालेली ही रक्कम चाळीस वर्षं येत राहिली तर एकरकमी पावणेतीन लाखांपेक्षा किती मोठी होते, हे कामगाराला कुणी बसून समजावत नाही.

आता ते पहिले दोन दिवस.

अपघात होतो. तुटलेलं बोट ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून, पिशवीत घालून, ती पिशवी बर्फावर ठेवायची असते. बोट थेट बर्फात घातलं की पेशी मरतात आणि जोडायची शक्यता संपते. कारखान्याच्या प्रथमोपचार पेटीजवळ एवढी सूचना लावायला खर्च काहीच नाही. प्रत्यक्षात बोट कधी स्क्रॅपच्या ट्रॉलीत राहतं, कधी बर्फाच्या पाण्यात तरंगत हॉस्पिटलला पोहोचतं. जखमीबरोबर सुपरवायझर जातो. कॅज्युअल्टीत डॉक्टर विचारतात, “कसं लागलं?” आणि उत्तर बहुधा सुपरवायझर देतो : “घरी. लोखंडी दरवाजात सापडलं.”

केसपेपरवर डॉक्टर तेच लिहितात, आणि जे सांगितलं ते लिहिणं हेच त्यांचं काम आहे. कामावर लागलं असं लिहिलं असतं तर प्रकरण पोलिसांकडे कळवलं गेलं असतं. ४८ तास किंवा त्याहून जास्त काळ माणूस कामावर येऊ शकला नाही, तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला सूचना द्यावी लागते, तीही द्यावी लागली असती. गेटवरच्या फलकावर ‘अपघाताविना इतके दिवस’ या ओळीतला आकडा पुन्हा शून्यावर आणावा लागला असता आणि माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीच्या ऑडिटमध्ये प्रश्न आला असता. एका वाक्याने हे सगळं टळतं.

कामगार गप्प का बसतो? भीती हे अर्धंच उत्तर झालं. त्या दिवशी मालक वाईट वागत नाही, तो गोड वागतो. “बिलाची काळजी करू नकोस. पगार चालू राहील. बरा झालास की पॅकिंगला बसवतो. फक्त पोलिसांचं झंझट नको.” गावाकडून आलेला पोरगा, खोलीत चौघे, घरी पैसे पाठवायचे, हाताला टाके. त्याला हे उपकार वाटतात. मालकांतही काही खरोखर शब्द पाळतात, हे नोंदवलं पाहिजे. पण हा शब्द हवेत दिलेला असतो. तीन-चार महिन्यांनी सुपरवायझर बदलतो, ऑर्डर कमी होते, “तुला आता काम जमत नाही” हे वाक्य येतं, आणि त्या दिवशी दाखवायला हातात फक्त ‘दरवाजात सापडलं’ असं लिहिलेला केसपेपर असतो. कामाच्या जागेवरचा त्रासदायक साहेब म्हटलं की ओरडणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. जखमी कामगाराचं नुकसान बऱ्याचदा असा हळू बोलणारा माणूस करतो.

मग पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर तडजोड होते. ‘मला पन्नास हजार मिळाले, माझी कंपनीविरुद्ध काहीही तक्रार नाही व पुढे राहणार नाही.’ खाली सही किंवा उरलेला अंगठा. हा कागद बहुतेकांना दगडावरची रेघ वाटतो. १९२३ च्या कायद्याच्या कलम १७ पुढे त्याची किंमत शून्य आहे : भरपाईचा हक्क सोडणारा किंवा कमी करणारा कुठलाही करार मुळातच बाद. तडजोड करायचीच तर तिचा मसुदा भरपाईचे दावे ऐकणाऱ्या कमिशनरकडे पाठवून नोंदवून घ्यायचा, रक्कम अपुरी किंवा सही दबावाखाली घेतलेली दिसली तर कमिशनर नोंदणी नाकारू शकतो. अपघातात माणूस दगावला तर मालकाने भरपाई परस्पर घरच्यांच्या हातात द्यायचीच नाही, ती कमिशनरकडे जमा करायची. परस्पर दिलेले पैसे, ठराविक उचल सोडली तर, भरपाईत धरले जात नाहीत. शंभर वर्षांपूर्वी हे लिहिणाऱ्यांना स्टॅम्पपेपरची ही तऱ्हा चांगली ठाऊक असणार.

दुसरं हुकमी वाक्य : “तुझ्याच चुकीने झालं.” हेही कायद्यात टिकत नाही. कामगार बेसावध होता, त्याने घाई केली, त्याचं लक्ष नव्हतं, या गोष्टींनी भरपाई थांबत नाही. ती थांबते दारू किंवा नशेत असताना, सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट हुकूम जाणूनबुजून मोडला तर, किंवा सुरक्षेचं साधन हेतुपुरस्सर काढून टाकलं तर. तेही सिद्ध मालकाने करायचं. आणि मृत्यू किंवा पूर्ण कायमचं अपंगत्व आलं असेल तर हे बचावही चालत नाहीत. ‘ठेकेदाराचा माणूस आहे, आमचा नाही’ हे तिसरं वाक्य. त्यावर कलम १२ आहे : ज्याच्या धंद्याचं काम चाललं होतं त्या मूळ मालकाकडून थेट भरपाई मागता येते, ठेकेदाराकडून वसूल करायची ती त्याने आपल्या सवडीने करावी.

या सगळ्याची मागणी पहिल्यांदा मराठी माणसांनी, मराठी गिरणगावात केली, हे फार कमी ठिकाणी सांगितलं जातं. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. सत्यशोधक चळवळीतले लोखंडे ‘दीनबंधु’चे संपादक होते. साडेपाच हजार सह्यांचं निवेदन फॅक्टरी कमिशनसाठी तयार झालं. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाचे तास, पगार ठरल्या तारखेपर्यंत, या मागण्या लोकांच्या लक्षात राहिल्या. त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती : कामावर गंभीर दुखापत झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि कायमचा जायबंदी झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. जायबंदी माणसाच्या सोयीचा कायदा यायला १९२३ उजाडलं आणि तो १ जुलै १९२४ ला अंमलात आला. लोखंडे १८९७ मध्येच गेले होते.

कायदा आल्यावर त्याचा अर्थ लावायला न्यायालयांना बरीच वर्षं लागली. ओडिशातला एक सुतार ६ जुलै १९६८ रोजी एका चित्रपटगृहात नक्षीकाम करताना पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. मालकाचं म्हणणं, एकच हात गेला, तक्त्याप्रमाणे हे अंशतः अपंगत्व. कमिशनर म्हणाला, एका हाताने सुतारकाम होत नाही, हे पूर्ण अपंगत्व. त्याने ९,८०० रुपये भरपाई, त्यावर निम्मा दंड आणि व्याज लावलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९७५ च्या अखेरीस न्यायालयाने कमिशनरला बरोबर ठरवलं आणि दोन गोष्टी कायमच्या सांगून ठेवल्या. माणूस जे काम करत होता ते त्याला आता करता येतं का, हे बघून अपंगत्व मोजायचं. आणि भरपाई देय होते ती अपघाताच्या दिवशी, निकालाच्या दिवशी नव्हे. ‘प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाता’ हा निकाल आजही प्रत्येक कामगार वकिलाच्या फाइलीत असतो. महिनाभरात रक्कम दिली नाही तर १२ टक्के व्याज आणि सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड, ही पुढची तरतूद त्या निकालाच्या जोडीने वाचली जाते.

२०१२ सालच्या एका निकालात ट्रक ड्रायव्हरचं प्रकरण आहे. दिल्लीहून निघून ११५२ किलोमीटर गाडी हाणल्यावर त्याने रस्त्याकडेच्या हॉटेलपाशी ट्रक थांबवला आणि तिथेच कोसळला. धडक नाही, जखम नाही. विमा कंपनी म्हणाली, हा नैसर्गिक मृत्यू. सर्वोच्च न्यायालयाने लांब पल्ल्याच्या ताणाचा मृत्यूशी संबंध मान्य केला आणि तो कामातून उद्भवलेला अपघात ठरवला.

आपल्याकडचं प्रकरण धाराशिव जिल्ह्यातलं, तेव्हाच्या उस्मानाबादचं. साखर कारखान्याचा एक रखवालदार, ड्यूटी पहाटे तीन ते सकाळी अकरा. २२ एप्रिल २००३ च्या पहाटे तो मोटारसायकलवरून कामावर निघाला आणि कारखाना पाचेक किलोमीटरवर असताना अपघातात गेला. मागे बायको, मुलं, आई. कमिशनरने कुटुंबाला ३,२६,१४० रुपये आणि १२ टक्के व्याज दिलं. मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केलं : माणूस अजून कामावर पोहोचलाच नव्हता. कायद्याच्या अक्षराला धरून बघितलं तर हे चुकीचंही म्हणवत नाही, अपघात ‘कामाच्या ओघात आणि कामातून’ झालेला हवा. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. मनोज मिश्रा आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांनी उच्च न्यायालयाचा निकाल उलटवला. घरातून कामावर जाता-येताना झालेला अपघातही, वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दिसला तर, कामातलाच अपघात. पहाटे तीनच्या ड्यूटीला निघालेला रखवालदार त्या रस्त्यावर दुसऱ्या कुठल्या कारणाने असणार होता? राज्य विम्याच्या कायद्यात अशी तरतूद २०१० पासून होतीच. ती १९२३ च्या कायद्यालाही लागू पडेल असा अर्थ न्यायालयाने लावला. निकाल ऐतिहासिक, पण कुटुंबाने त्यासाठी बावीस वर्षं काढली. २००९ च्या दुरुस्तीत म्हटलं होतं की भरपाईचं प्रकरण तीन महिन्यांत निकाली काढावं.

दावा करणाऱ्याला नोकरीवर काय सोसावं लागतं, तो भाग निकालपत्रांत क्वचित येतो. भरपाई मागितली की बदली होते, ओव्हरटाइम बंद होतो, मेमो येऊ लागतात, आणि एक दिवस कोऱ्या कागदावर सही मागितली जाते, जिचा नंतर ‘स्वखुशीचा राजीनामा’ होतो. राज्य विम्याचा कायदा सांगत असे की अपघाताचा तात्पुरता लाभ घेत असताना कामगाराला काढता येत नाही, शिक्षा करता येत नाही, आणि त्या काळात दिलेली बडतर्फीची नोटीसच बेकायदा. महाराष्ट्राकडे १९७१ चा स्वतःचा कायदाही होता, कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा. सूडबुद्धीने काढणं ही त्याच्या यादीतली अनुचित प्रथा, आणि तक्रारीला मुदत ९० दिवसांची. काढून टाकेपर्यंत वाट बघायची का, हा प्रश्न मुंबईतल्या हिंदुस्तान लिव्हरच्या कामगारांनी न्यायालयात नेला. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सूडाने काढण्याचा घाट घातला जात असेल तर हुकूम निघण्याआधीच कामगार न्यायालयाकडे जाता येतं. खाजगी नोकरदारांपैकी किती जणांना हे माहीत आहे? संघटना असलेल्या कारखान्यांत माहीत असतं. बाकीच्यांना वकील गाठल्यावर कळतं, आणि तोवर नव्वद दिवस उलटलेले असतात.

नोकरीत अपंगत्व आलं तर पुढे काय, याचं उत्तर सरकारी आणि खाजगी असं सरळ दुभंगलेलं आहे. पाय कापावा लागलेल्या एका सुरक्षादलाच्या जवानाला घरी पाठवण्यात आलं होतं. २००३ मध्ये कुणाल सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं : दुसरं काम द्या, तेही नसेल तर जादा पद निर्माण करा, पण पगार आणि श्रेणी कायम ठेवा. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातही ही हमी आहे, मात्र ती सरकारी आस्थापनांपुरती. एसटीचा चालक आणि शेजारच्या खाजगी ट्रॅव्हल्सचा चालक एकाच वळणावर जखमी झाले, तर पहिल्याला डेपोत टेबल मिळण्याचा हक्क आहे. दुसऱ्याला नाही.

बोटाला निदान टक्के आहेत. ज्या इजेला तक्ताच नाही तिचं काय? पुण्यात २०२४ च्या जुलैमध्ये एका बड्या लेखा कंपनीतली सव्वीस वर्षांची सनदी लेखापाल वारली आणि कामाच्या अतोनात ताणाबद्दल तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. कामगार खात्याचे अधिकारी त्या कार्यालयात गेले तेव्हा निघालेली गोष्ट मासलेवाईक होती : इतकी वर्षं चाललेल्या त्या कार्यालयाकडे दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंदणीच नव्हती. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा ज्या कायद्यात आहे, त्या कायद्याच्या वहीत ते कार्यालय नव्हतंच. साहेब रात्री अकराला फोन करतो, सर्वांसमोर पाणउतारा करतो, रजा मागितली की ‘कमिटमेंट’ काढतो, याला आपल्या कायद्यात वेगळं कलम नाही. लैंगिक छळासाठी २०१३ चा कायदा आहे, समिती आहे, मुदत आहे. निव्वळ छळासाठी नाही. शिवाय ज्याचं काम मुख्यतः व्यवस्थापनाचं आहे त्याला औद्योगिक कायदे ‘कामगार’च मानत नाहीत, आणि नुसतं ‘मॅनेजर’ नाव असलेल्याला आपलं प्रत्यक्ष काम तसं नाही हे दाखवावं लागतं. पिन क्लचच्या प्रेसवरचा अर्धशिक्षित हेल्पर या बाबतीत काचेच्या इमारतीतल्या पदवीधरापेक्षा जास्त संरक्षित आहे. गंमत एवढीच की दोघांनाही ते ठाऊक नसतं.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९२३ चा कायदा, राज्य विम्याचा कायदा, कारखाने अधिनियम, सगळे त्यांत सामावले गेले. भरपाईचा सांगाडा बराचसा तोच आहे. काही गोष्टी उघड चांगल्या झाल्या. कामावर जाता-येतानाचा अपघात आता थेट संहितेत लिहिलेला आहे, त्यासाठी कुणाला दिल्लीपर्यंत जावं लागू नये. प्रत्येकाला नेमणूकपत्र देणं बंधनकारक झालं, आणि अपघाताच्या संध्याकाळी ‘आजच रुजू’ होणाऱ्या माणसासाठी हा कागद सर्वांत मोलाचा, अर्थात त्यावर खरी तारीख पडली तर. मालकाच्या निष्काळजीपणाने मृत्यू किंवा गंभीर इजा झाली तर होणाऱ्या दंडातला निदान निम्मा भाग जखमीला किंवा वारसांना द्यायला न्यायालय सांगू शकतं.

दुसरी बाजू हिशेबाची आहे. विजेवर चालणारा कारखाना ठरायला १९४८ च्या केंद्रीय कायद्यात दहा कामगार पुरत, आता वीस लागतात. सुरक्षेच्या संहितेतल्या सर्वसाधारण जबाबदाऱ्या दहा माणसांच्या आस्थापनेपासून लागू आहेत, त्याखाली धोकादायक धंदे वगळता तेवढ्याही नाहीत. निरीक्षकाचं पद ‘निरीक्षक-नि-सुलभकर्ता’ झालं आहे आणि कुठे तपासणीला जायचं हे संगणकाने निवडायचं आहे. भोसरीच्या गल्लीतल्या दोन प्रेस, एक ड्रिल आणि आठ माणसांच्या शेडमध्ये असा निरीक्षक कधी पोहोचेल, हे संगणकच जाणे. त्या आठांपैकी कुणाचं बोट गेलं तर राज्य विमा सक्तीचा नाही, म्हणजे भरपाईचा दावा थेट मालकावर. तो अपघाताच्या जागी करता येतो आणि कामगार जिथे राहतो तिथेही, बीडला किंवा बिहारात. मुदत दोन वर्षांची. दावा लिहिताना वकील सर्वांत आधी केसपेपर मागतो, मग पगार खात्यात आल्याची बँकेची नोंद, मग त्या रात्री सुपरवायझरने व्हॉट्सॲपवर पाठवलेला निरोप, ज्यात बहुधा एवढंच असतं : ‘उद्या ये, साहेबांनी बोलावलंय.’